रोइंग मशीनमुळे झोप परत आली, पण कंबर धरतेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ५१, मुलुंड पूर्वेला राहते, शाळेत शिकवते. प्रश्न रोइंग मशीनबद्दल आहे, म्हणजे जिममधलं ते बसून वल्हवायचं यंत्र. आधी थोडं मागचं सांगते.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दिवसा मदतीला बाई यायच्या, रात्र माझ्याकडे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागे. नोव्हेंबरात त्या गेल्या. आता तरी झोप लागेल असं वाटलं होतं, पण रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. त्यात उजवा गुडघा दुखायला लागला, वजन वाढलं आणि फेब्रुवारीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोळी एवढ्यात नको, व्यायाम करा, पण गुडघ्यावर आदळणारा नको.

लेकीने सोसायटीच्या जिममध्ये नेलं. कोपऱ्यात हे मशीन होतं, त्यावर सगळे टॉवेल टाकायचे. माझं माहेर चांदवड तालुक्यातलं. आमच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला एकट्याच्या नौकेत उतरला आणि १३वा आला, तेव्हा आमच्याकडे सगळे टीव्हीसमोर बसून होते. टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातला मुलगा वल्ही मारतोय याचं केवढं अप्रूप! ते आठवलं आणि मी टॉवेल उचलून बसले.

सहा आठवडे झाले. आठवड्यातून चार दिवस, २० मिनिटं. पहिल्या दिवशी चार मिनिटांत छाती भरून आली होती. आता स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागत नाही. गुडघा तक्रार करत नाही. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती झोप. पुढे जायचं, मागे यायचं, मशीनमधल्या पंख्याचा तो आवाज, त्यात डोक्यातलं सगळं हळूहळू खाली बसतं. गेल्या आठवड्यात चार रात्री सलग पाचपर्यंत झोपले. दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

आणि आता कंबर धरायला लागली आहे. खाली, दोन्ही बाजूंना, व्यायाम झाल्यावर तासाभराने. जिममधल्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आंटी, सवय होईल." बाजूचा खटका मी १० वर ठेवते, जास्त जोर म्हणजे जास्त फायदा असं समजून. मिनिटाला ३० च्या आसपास स्ट्रोक होतात. माझं काय चुकतंय? हे सोडावं लागू नये एवढंच वाटतं. शिवाय जिम सकाळी सातला उघडतं आणि माझी शाळाही सातचीच, म्हणून घरी घ्यायचा विचार आहे. वन बीएचकेत बसेल का?

मुळाकाठ:
ताई, आधी तो खटका १० वरून ४ वर आणा. आजच. त्याला डॅम्पर म्हणतात. त्याने पंख्यात किती हवा शिरते तेवढंच ठरतं. हवा जास्त शिरली की पंखा लवकर मंदावतो आणि पुढचा प्रत्येक स्ट्रोक जड जातो. सायकलच्या गिअरसारखं समजा. जोर तुमच्या पायांतून यायचा, खटक्यातून नाही. ४ वर ठेवूनही जितकं जोरात ओढाल तितका विरोध वाढतोच.

मी पुण्यात सीओईपीला, म्हणजे तिथल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतो, तिथला बोट क्लब १९२८ पासूनचा. मुळा नदीवर जे शिकलो ते मशीनवरही तसंच लागू पडतं. ओढताना आधी पाय, मग धड, शेवटी हात. परतताना उलटं: आधी हात, मग धड, मग गुडघे वाकवायचे. नवे लोक पाय आणि पाठ एकदम उघडतात, आणि सगळा भार कंबरेवर येतो. परतीला ओढण्याच्या दुप्पट वेळ द्या. ३० स्ट्रोक फार झाले, २० वर आणा. आधी हळू वाटेल, पण प्रत्येक स्ट्रोक भरीव होईल.

प्राजक्ता_फिजिओ:
वरचं सगळं बरोबर. त्यात एक भर: पुढे वाकताना कंबरेतून गोल होऊ नका, खुब्यातून वाका. देवाला नमस्कार करताना पाठ सरळ ठेवून झुकतो तसं. पुढे आल्यावर नडग्या उभ्या झाल्या की थांबायचं, त्यापुढे सरकायचं नाही. तुमच्या गुडघ्यालाही तेच बरं. पायाचे पट्टे चवड्याच्या रुंद भागावर हवेत, हँडल बोटांत अडकवून धरा, मुठी आवळू नका. ओढताना श्वास सोडा, कोंडू नका.

आठवडाभर १० मिनिटांवर या. दुखणं पायात उतरलं, मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र मशीन बंद करून आधी तपासून घ्या. आणि थोडं चालणं सोडू नका. मशीनवर आपण बसलेलो असतो, आणि या वयात हाडांना आपलं वजन पेलायची सवय राहायला हवी.

शुगरसाठी तुमची निवड उत्तम आहे. पाय, पाठ, हात सगळे मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात, आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमची ८० होतायत, कंबर सावरली की सावकाश वाढवा.

परळकर:
आमच्याकडे ३८० चौरस फुटांत आहे. पंख्याचं मशीन साधारण आठ फूट लांब, दोन फूट रुंद. आमचं मधून सुटं होऊन दाराआड उभं राहतं. पहाटे मात्र घरघर ऐकू येते, आमच्या शेजारच्या आजी उठायच्या. म्हणून पाहुण्यांच्या घरी चुंबकीय घेतलं, म्हणजे पंख्याऐवजी चुंबकाने विरोध देणारं, ते बरंच शांत आहे. खाली रबरी चटई हवीच. ट्रेडमिलसारखी धपधप नसल्याने खालच्यांना त्रास नाही. घेण्याआधी हॉलमध्ये फरशीवर खडूने आठ बाय दोनचा चौकोन आखा आणि चार दिवस तो ओलांडून वावरा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल खटका ४ वर, २० स्ट्रोक, १० मिनिटं. लेकीने बाजूने व्हिडिओ काढला. मी खरंच पाय सुटायच्या आधीच पाठ मागे टाकत होते, मला कधी जाणवलंच नव्हतं. काल कंबर दुखली नाही, आज थोडी जड आहे.

हॉलमध्ये चौकोन आखला. सासूबाईंची कॉट होती बरोबर तिथेच येतोय. मिस्टर बराच वेळ बघत उभे होते, मग म्हणाले, घे. प्राजक्ताताई, १० ची १५ मिनिटं कधी करू? दुखणं पूर्ण थांबल्यावर, की थोडं जडपण असलं तरी चालेल?