मदत हवी आहे: आम्हाला न कळवता आरोपीला जामीन, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ मालाड पूर्वेला रिक्षा चालवतो. गल्लीत रिक्षा लावण्यावरून भांडण झालं आणि शेजारच्या गल्लीतल्या एकाने त्याच्या उजव्या हातावर लोखंडी रॉड घातला. हातात प्लेट टाकलीये. मूठ पिळून रेस देता येत नाही, म्हणून रिक्षा बंद. एफआयआर झाला, गंभीर दुखापतीचं कलम लागलं, अटकही झाली.

त्यानंतर कुणी काहीच कळवलं नाही. सत्र न्यायालयातून जामीन झाल्याचं आम्हाला कळलं, ते आरोपी नाक्यावर उभा दिसला तेव्हा! आता येता-जाता "केस मागे घे" म्हणतो. पोलीस स्टेशनला गेलं की उत्तर एकच, "आमचं काम झालं, आता सरकारी वकील बघतील." सरकारी वकिलांना भेटले. त्यांच्या बोर्डावर इतक्या केसेस, की त्यांना तरी काय बोलणार.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायला हवं. लखीमपूर खेरी प्रकरणात (आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याचा खटला) २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी आशिष मिश्राचा जामीन रद्द केला, तेव्हा तपासापासून अपिलापर्यंत पीडिताचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे असं स्पष्ट सांगितलं. मग ऐकलं नाही तर जाब कुणाला विचारायचा? आरोपीला चार्जशीटची प्रत मिळाली नाही तर त्याचा वकील कोर्टात उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. आमच्यासाठी कोण उभं राहणार? खाजगी वकील परवडत नाही. भाऊ तर आता घराबाहेर पडायलाच तयार नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी कोर्टात पाय रोवा. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला जोडा. भावाचं वकीलपत्र दाखल झालं की त्याच संहितेच्या कलम २३० खाली चार्जशीटची प्रत मागता येते, आणि कलम १८(८) खाली सरकारी वकिलांना साहाय्य करायची परवानगीसुद्धा. जामीन रद्द करायचा अर्ज कलम ४८३(३) खाली. आम्हाला ऐकलं नाही हा मुद्दा घ्याच, पण धमक्या जास्त गंभीर आहेत. प्रत्येक धमकीची तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून तक्रार द्या. उपचारासाठी निकालापर्यंत थांबू नका. कलम ३९६(६) खाली प्राधिकरण अंतरिम मदत देऊ शकतं. त्याला पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो.

धागाकर्ती:
खूप आभार. पण तक्रारीवर पोच मागितली की शिक्का मारत नाहीत.

प्रतिसाद:
मग तीच तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत पोलीस उपायुक्तांना. पावत्या जपून ठेवा आणि वकिलाला त्या जामीन रद्द करायच्या अर्जासोबत जोडायला सांगा.