उत्तर: उथळ पाण्यात वाऱ्यापेक्षा खोली महत्त्वाची
वर एकांनी लिहिलंय की वाऱ्याचा वेग कळला की किनाऱ्याजवळच्या लाटेचा वेग सांगता येतो. पटत नाही. वारा लाट घडवतो खरा, पण तळ लागू लागला की वेग ठरवते ती खोली. गुरुत्वीय त्वरण (साधारण ९.८) गुणिले मीटरमधली खोली, त्याचं वर्गमूळ. ४ मीटर पाण्यात सेकंदाला साधारण ६.३ मीटर, १ मीटरमध्ये ३.१. त्सुनामीलाही हेच सूत्र लागतं. तिची तरंगलांबी (दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर) एवढी प्रचंड की ४००० मीटर खोल समुद्रही तिच्या दृष्टीने उथळच, म्हणून ताशी ७०० किमीच्या वर धावते.

गंमत उलट्या दिशेने आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईआधी दोस्त राष्ट्रांनी विमानातून लागोपाठ फोटो काढले, लाटांचा वेग मोजला आणि त्यावरून शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यांची खोली काढली. आज किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्यांनी हेच करतात.

फक्त लाट फुटायच्या बेतात आली की साधं सूत्र तोकडं पडतं, कारण आता लाटेची उंचीही हिशोबात धरावी लागते. २ मीटर पाण्यात दीड मीटरची लाट घ्या: साध्या सूत्राने ४.४, एकल लाटेच्या, म्हणजे एकट्याच सरकणाऱ्या उंचवट्याच्या सूत्राने (खोलीत उंची मिळवून) ५.९ मीटर प्रति सेकंद. म्हणजे फोटोवरून ५.९ मोजला आणि साधं सूत्र वापरलं, तर २ मीटरच्या जागी साडेतीन मीटर पाणी दिसणार. होडी किंवा रणगाडा उतरवणाऱ्याला हा फरक चांगलाच महागात पडेल.