चर्चच्या आवारात 'बाहेरची' गाडी

पापडीची लेक: कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. म्हणे, रविवारी आवारात फक्त आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या गाड्या घ्या, बाकीच्यांना फाटकावरून परत पाठवा! दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या वडिलांच्या मातीला दुसऱ्या गावच्या चर्चला गेलो होतो. स्वयंसेवकाने शिट्टी मारून बाहेर काढलं. आई वॉकरवर. हमरस्त्याला गाडी लावून तिला चालवत आणेपर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना संपून शवपेटी कबरस्तानात गेली होती. नव्या माणसाला फादर नंतर भेटतात, आधी फाटकावरचा माणूस भेटतो. रोजच्यांनी मागे लावावं, दारापाशी चार जागा पाहुण्यांना आणि म्हाताऱ्यांना सोडाव्यात.

फाटकावरचा: ती पोस्ट माझी. ताई, एक रविवार उभ्या राहा. वसईतल्या भुईगाव, कळंबच्या किनाऱ्यावर जाणारे आवारात गाडी टाकून संध्याकाळपर्यंत गायब. अशाच एका गाडीमागे रुग्णवाहिका पंधरा मिनिटं अडकली होती. पाहुणा कोण, पिकनिकवाला कोण, कपाळावर लिहिलेलं असतं का?

सोपाऱ्याचा शेजारी: मी हिंदू. नाताळात पोरांना येशूजन्माचा गोठा दाखवायला येतो. 'कुठल्या धर्मग्रामाचे?' विचारलं तर काय सांगू? एका ठिकाणी 'या, चिंचेखाली लावा' म्हणाले. दरवर्षी तिथेच जातो.

वाडीवाला: चिंच शिल्लक आहे? नशीबवान! आमच्याकडे पार्किंगसाठी दोन आंबे तोडले, पेव्हर ब्लॉक बसवले. पाणी मुरणार कुठे? जुलै २०१८ च्या पावसात वसई बुडाली, ती विसरलात?

फाटकावरचा: चिखलात म्हातारी माणसं घसरायची, तेव्हा तुम्ही कुठे होता?

वाडीवाला: पेव्हरला विरोध नाही हो! खाली सिमेंटचा थर कशाला ओतला? खडी-वाळूवर फटी ठेवून बसवले असते तर पाणी मुरलं असतं. लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढले, आणि आपण देवाच्या दारातली सावली गाड्यांसाठी तोडतो. माझ्या आजोबांनी लावलेला होता त्यातला एक आंबा.

फाटकावरचा: सिमेंट चुकलं, मान्य. आंबे मी तोडले नाहीत, माझ्यावर ओरडू नका.

पापडीची लेक: आंब्यांवर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. माझ्या चार जागांचं काय?

फाटकावरचा: दोन. चार जमणार नाहीत. म्हाताऱ्यांना दारात उतरवा, मग गाडी मागे न्या. अनोळखी गाडीवाल्याचा मोबाइल नंबर मात्र लिहून घेणारच.

पापडीची लेक: घ्या, पण आधी 'या' म्हणा.

फाटकावरचा: म्हणेन. रविवारी सकाळी साडेसहाला तुम्हीही फाटकावर या. पहिल्या मिस्सेला माणूस कमी पडतो.