टेबल सॉचं ब्लेड खाली उतरेना, हँडव्हील एका जागी येऊन अडतंय

देव्हारेवाला, कळंबा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याला माझं छोटं वर्कशॉप आहे, देव्हारे आणि किचन ट्रॉल्यांचं काम. मशीन जुन्या धाटणीचं १० इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातनं गोल ब्लेड वर येणारी करवत. बिडाचं टेबल, मागं मोटर बेल्टवर, पुढच्या हँडव्हीलनं ब्लेड वर-खाली आणि बाजूच्या हँडव्हीलनं कोन. कोनाचं हँडव्हील व्यवस्थित फिरतंय. उंचीचं अडलंय.

ब्लेड टेबलाच्या वर २५ मिमी असेल तर तिथनं वर नीट जातंय. खाली आणायला गेलं की जरा उतरतं, मग जड होत होत २० च्या आसपास थांबतं. गणपती तोंडावर आलेत, देव्हाऱ्यांची कामं हातात आहेत. पाठीला ६ मिमी प्लाय बसवायचा तर ८ मिमी खोल खाच लागते, आणि ब्लेड तेवढं खालीच येत नाही. सध्या राउटरवर, म्हणजे खाच मारायच्या हातमशीनवर, भागवतोय, पण त्यात वेळ फार जातोय.

भुसा हवेनं उडवलाय. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर थोडा वेळ हलकं वाटलं आणि मग आधीपेक्षा जड झालं. शेजारचे वेल्डर म्हणतायत, हँडव्हीलला पाईप घालून ओढूया. मला ते धाडस होत नाही. कुणी हे काम केलंय का?

राजारामपुरी ८वी गल्ली

हँडव्हीलच्या बरोबर मधे लॉकची मूठ असते, ती सोडलीय का? बऱ्याचदा तीच आवळलेली असते आणि माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

देव्हारेवाला, कळंबा

हो, ती पूर्ण काढून बाजूला ठेवलीय. फरक नाही.

जुना फिटर, उद्यमनगर

मालक, पाईप घालू नका. वेल्डरभाऊंना सांगा, मी नको म्हणालो.

आत काय आहे ते आधी सांगतो. हँडव्हीलच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वर्म आहे, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर. तो वर्म एका कमानीसारख्या सेक्टरच्या दातांत चालतो. सेक्टर ज्या हाताला आहे त्याच हातावर आर्बर, म्हणजे ब्लेड बसतं तो दांडा, आणि ब्लेड. वर्मची खुबी अशी की हातानं लावलेला थोडासा जोर दातावर कितीतरी पटीनं पोचतो. म्हणूनच ते हँडव्हील एवढंसं दिलेलं असतं. त्याला पाईप लावला की पहिल्यांदा दांड्यात ठोकलेली रोल पिन तुटणार. पिनेचं काही नाही, ती कुठल्याही नटबोल्टच्या दुकानात मिळते. पण पिन टिकली तर सेक्टरचा दात जाणार. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. उद्यमनगरात ब्रेझिंग करून दात परत कापून देणारी माणसं आहेत, मी स्वतः असं काम केलंय, पण त्यासाठी सगळं मशीन उतरवावं लागतं आणि तुमचे गणपती त्यातच जातील.

आता तुमच्या लिहिण्यातनं मला जे दिसतं ते. ब्लेड खाली जाताना हाताचं आणि आर्बरचं वजन मदतीलाच असतं. म्हणजे खाली जाणं सोपं पाहिजे. तुमचं नेमकं खालीच अडतंय, आणि तेही ठरावीक जागी. गंज असता तर वर जातानाही जड लागलं असतं. पिन तुटली असती तर हँडव्हील नुसतं गरागरा फिरलं असतं आणि ब्लेड जागचं हललं नसतं. तुमचा वर्म कशावर तरी चढतोय.

दोन बोटांनी हँडव्हील हळू फिरवा आणि थांबतं तिथं लक्ष द्या. टक्क करून एकदम थांबत असेल तर लाकडाचा तुकडा हाताखाली अडकलाय, नाहीतर खालचा स्टॉपचा बोल्ट सरकलाय. जड होत होत, दाबल्यासारखं थांबत असेल आणि सोडल्यावर हँडव्हील किंचित मागं येत असेल, तर दातांत भुसा बसलाय. गुऱ्हाळाच्या चरकात चिपाड बसल्यावर होतं तसं.

माझा अंदाज भुशाचा. तुम्ही ट्रॉल्या करता, म्हणजे दिवसभर १८ मिमीचा प्लाय आणि एमडीएफ. ब्लेड कायम २५ ला. वर्म रोज त्याच चार-पाच दातांवर चालतो, ते दात आपोआप साफ राहतात. त्याच्या खालच्या उंचीचे दात महिनोन्‌महिने वापरात येत नाहीत, तिथं एमडीएफचं पीठ भरत जातं. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे हवा ओलीच, ते पीठ दमट होऊन घट्ट बसतं. त्यावर तुम्ही स्प्रे मारलात, त्यातल्या तेलानं त्याचा लगदा झाला. म्हणून आधी हलकं, मग जड.

काम असं करा. नुसता स्टार्टर बंद करून चालणार नाही, मेन बंद करा, प्लग काढून डोळ्यासमोर ठेवा. ब्लेड आर्बरवरनं काढून ठेवा. मग उंची पूर्ण वर न्या, कारण वर नेल्यावरच खालच्या उंचीचे दात वर्मपासून मोकळे होऊन दिसायला लागतात. मागनं बॅटरी मारून बघा. बांबूची काडी टोकदार करून दातांच्या बुडातनं खरवडा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. मग जुना टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून घासा. चिवट राहिलं तर पितळी तारांचा ब्रश. बेल्टवर टर्पेंटाइन पडू देऊ नका, फडकं टाकून झाका. शटर उघडं ठेवा, आणि तेवढा वेळ शेजाऱ्यांना वेल्डिंग आणि ग्राइंडर थांबवायला सांगा. वर्मच्या आट्यांतही तेच भरलेलं असणार, हँडव्हील थोडं थोडं फिरवत सगळे आटे साफ करा.

शाहूपुरीतला फर्निचरवाला

काकांचं गंजाचं म्हणणं अगदी बरोबर. २०१९ च्या पुरात माझं मशीन पाण्यात होतं, २०२१ ला परत. पाणी ओसरल्यावर हँडव्हील वर-खाली दोन्हीकडं सारखंच जड, कुठंही अडत नव्हतं, पण कुठंही हलकंही नव्हतं. दांड्याच्या बुशात गंज होता. दांडा बाहेर काढून पॉलिश पेपर मारला, बुश बदलले, तेव्हा सुटलं. तुमचं तसं नाही. आता पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की मी मोटर आधी काढून माळ्यावर नेतो.

हौशी सुतारीण, ताराबाई पार्क

ज्यांच्याकडं छोटं, उचलून नेता येणारं सॉ आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण माझंही असंच अडलं होतं. त्यात बहुतेक सेक्टर नसतो. उभा स्क्रू असतो, त्याला खाली दोन तिरके गिअर, आणि मोटर दोन दांड्यांवर वर-खाली सरकते. माझा भुसा त्या दांड्यांवर बसला होता. मशीन आडवं करून खालची प्लेट काढली की सगळं समोर दिसतं. गिअर प्लॅस्टिकचे असले तर थिनर अजिबात लावू नका, कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूमवर काम होतं.

देव्हारेवाला, कळंबा

काका, तुमचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. सोडल्यावर हँडव्हील किंचित मागं येत होतं, म्हणून सरळ साफ करायलाच घेतलं. वर नेऊन बॅटरी मारली तर खालचे दात दिसतच नव्हते, सगळी कमान तपकिरी आणि सपाट, दातच पाडलेले नाहीत असं वाटावं. काडी घातल्यावर खडे निघाले, एकेक बरोबर दाताच्या आकाराचा, आणि नखानं फुटेनात इतके कडक. एका खड्यात सागाची कुसळ आडवी रुतलेली होती. टर्पेंटाइननं घासल्यावर बिडाचा करडा रंग दिसला. आता ब्लेड टेबलाच्या खाली पूर्ण जातंय. आज खाचा मारून झाल्या.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हँडव्हील उलटं फिरवलं की थोडं मोकळं फिरतं आणि मग ब्लेड हलतं, ते आधी जाणवत नव्हतं. ते आवळू का? आणि आता दातांना ग्रीस लावू की तेल?

जुना फिटर, उद्यमनगर

फार बरं वाटलं वाचून. दात शाबूत राहिले हे महत्त्वाचं.

ग्रीस नको, तेलही नको. उघड्यावरच्या दातांना ग्रीस लावलं की भुसा त्याला चिकटतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत हेच. फर्निचरला लावतो ते पेस्ट वॅक्स ब्रशनं दातांना आणि वर्मला पातळ लावा, सुकू द्या, कोरड्या ब्रशनं जादाचं झाडा. दांड्याच्या बुशाला मात्र तेलाचा एखादा थेंब चालतो, तो भाग झाकलेला असतो.

मोकळं फिरतंय ते राहू द्या. वर्म आणि सेक्टरमध्ये थोडी ढिलाई लागतेच. आधी भुशानं ती भरून काढली होती म्हणून जाणवत नव्हती. फारच वाटली, म्हणजे हँडव्हील पाव फेऱ्याच्या वर मोकळं फिरायला लागलं, तर वर्मच्या दांड्याला पुढच्या बाजूला विकेंद्री बुश आहे का बघा. ग्रब स्क्रू सैल करून तो बुश थोडा फिरवला की वर्म सेक्टरकडं सरकतो. पण सेट करताना तळापासून टोकापर्यंत सगळी चाल फिरवून बघायची. सगळे दात सारखे झिजलेले नसतात, एका जागी बरोबर बसवलं तर दुसऱ्या जागी आवळतं.

आणि मापाला नेहमी खालून वर या. ८ मिमी पाहिजे तर ब्लेड आधी ६ वर न्या आणि तिथनं ८ ला चढवा, म्हणजे ती ढिलाई एकाच बाजूला निघून जाते आणि काम चालू असताना ब्लेड हळूच खाली बसत नाही. मग लॉकची मूठ आवळा. खाचेची खोली आधी टाकाऊ तुकड्यावर तपासा.

देव्हारेवाला, कळंबा

वरून खाली आणून थांबवत होतो, म्हणूनच खाच शेवटाकडं उथळ येत होती बहुतेक. उद्या खालून वर घेऊन बघतो. पेस्ट वॅक्स लक्ष्मीपुरीतनं आणतो. ट्रनियनचे, म्हणजे ब्लेडचा सांगाडा धरणारे, बोल्ट मी सोडले नव्हते, तरी ब्लेड टेबलावरच्या माइटरच्या खाचेला समांतर आहे का तपासायला पाहिजे का?

जुना फिटर, उद्यमनगर

बोल्ट सोडले नसतील तर बदललं नसणार, पण ब्लेड काढलंच होतं तर पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. एका दाताला खडूनं खूण करा. तो दात पुढं आणून माइटरच्या खाचेपासनं अंतर घ्या, मग तोच दात हातानं फिरवून मागं आणा आणि परत घ्या. फरक ०.१ मिमीच्या आसपास असेल तर हात लावू नका. आणि खाचांसाठी गार्ड आणि स्प्लिटर (ब्लेडच्या मागची, काप उघडा ठेवणारी पट्टी) काढला असेल, तो आरपार कापायला घ्यायच्या आधी परत बसवा.