न्हावा शेव्याला बसलेला सायबर फटका: सरकारने प्रतिहल्ला करावा का?

प्रश्न (वाशीकर): जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक संगणक प्रोग्रामने न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलची संगणक यंत्रणा ठप्प केली आणि कंटेनरची हाताळणी विस्कळीत झाली. अशा हल्ल्यामागे परकीय सरकार असल्यास आपण प्रतिहल्ला करावा का?

ऐरोलीकर: घाईने मुळीच करू नये. त्या हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. तेथील करविषयक सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून शिरलेला तो प्रोग्राम जगभर पसरला आणि आपले बंदर विनाकारण भरडले गेले. शिवाय अमेरिका व ब्रिटन यांनी रशियन लष्करावर उघड ठपका ठेवला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे सुमारे आठ महिन्यांनी. पुराव्याआधी उगारलेला हात भलत्यावरच पडू शकतो.

घोडबंदरकर: मान्य, परंतु अमेरिकेने याच हल्ल्याप्रकरणी २०२० मध्ये सहा रशियन अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, तरी आरोपी स्वतःच्याच देशात सुरक्षित असतील तर त्याचा धाक कितीसा? मित्रराष्ट्रांसह आर्थिक निर्बंध लादणे मला अधिक परिणामकारक वाटते.

उरणकर: दोन्ही उपाय नंतरचे आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये अशा घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले, ते योग्यच, मात्र बदनामीच्या भीतीने कंपन्या गप्प बसल्या, तर सरकार उत्तर देणार तरी कशाच्या आधारावर?