एका दिवसात तीन फेरीबोटी आणि १३५ किलोमीटर किनारी रस्ता: वेळेचे गणित कसे मांडावे?

मंदगती (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी लांब पल्ल्याची सायकल चालवतो आहे. एका दिवसात १०० ते १२० किलोमीटर अनेकदा झाले आहेत, परंतु ते सर्व अखंड रस्त्यावर, म्हणजे उशीर झाला तर फक्त घरी पोहोचायला उशीर होणार, एवढाच धोका असे. येत्या हंगामात मुख्य भूमीवरून निघून, लागोपाठ दोन बेटे ओलांडून, पुन्हा निघालो त्याच ठिकाणी परत येणारे एक वर्तुळ पूर्ण करण्याचा विचार आहे. रस्ता जवळजवळ पूर्णपणे समुद्रालगतचा आहे आणि मध्ये तीन वेळा बोटीने जावे लागते.

रस्त्याचे चार टप्पे अनुक्रमे ३८, ३१, ४४ आणि २२ किलोमीटरचे आहेत. पहिली बोट सकाळी ७ पासून दर तासाला सुटते आणि २५ मिनिटे घेते. दुसरी १०:१५, १:१५ आणि ४:१५ अशी दिवसातून तीनदाच आहे आणि तिला ४० मिनिटे लागतात. तिसरी १:३०, ३:००, ४:३० आणि ६:०० या वेळांना आहे, प्रवास १५ मिनिटांचा. ताशी २० किलोमीटरची सरासरी धरून पहाटे ६ ला निघालो तर पहिल्या धक्क्यावर ७:५४, दुसऱ्यावर ९:५८ आणि तिसऱ्यावर १:०७ ला पोहोचतो. प्रत्येक बोट अगदी वेळेवर मिळते आणि ३ वाजण्यापूर्वी मी घरी असतो. कागदावर हे इतके चपखल बसते आहे की माझाच त्यावर विश्वास बसत नाही. यात काय चुकते आहे ते अनुभवी मंडळींनी सांगावे. वारा आणि बोटीवर सायकल कशी ठेवावी, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

ओहोटीचा पांथस्थ

आपला संशय रास्त आहे. आपण ७:५४ ला धक्क्यावर पोहोचणार आणि ८ ची बोट पकडणार असे लिहिले आहे, परंतु वाहने घेणाऱ्या बहुतेक बोटींवर चढण्याची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधी संपते. ती १५ मिनिटे आधी संपते असे धरले, तर आपली पहिलीच बोट चुकलेली आहे. आता पुढे काय होते ते पाहा. आपण ९ च्या बोटीने ९:२५ ला उतरता, ३१ किलोमीटर त्याच वेगाने कापून १०:५८ ला दुसऱ्या धक्क्यावर येता, आणि १०:१५ ची बोट गेलेली असते. पुढची १:१५ ला. म्हणजे पहिल्या धक्क्यावर चुकलेल्या नऊ मिनिटांचे दुसऱ्या धक्क्यावर तीन तास झाले. रस्त्यावरचा उशीर जेवढा होतो तेवढाच राहतो, बोटींच्या मार्गावर मात्र तो पुढच्या वेळापत्रकाच्या मापाने वाढत जातो.

दुसरी गोष्ट सरासरीची. सायकलच्या यंत्रावर दिसणारा २० चा आकडा हा चाक फिरत असतानाचा असतो. पाणी भरणे, नकाशा पाहणे, एखाद्या वळणावर समुद्र पाहून उगाच थांबणे, हे सगळे त्यात धरलेले नसते, आणि किनारी रस्त्यावर असे थांबणे इतर कुठल्याही रस्त्यापेक्षा जास्त होते. शिवाय किनारी रस्ता सपाट असतो हा एक गोड गैरसमज आहे. खाडीच्या पातळीवर उतरायचे आणि पुढच्या भूशिरावर पुन्हा चढायचे, हे दिवसभर चालू राहते. थांब्यांसह ताशी १७ धरा.

मी आपल्या जागी असतो तर हिशेब पहाटेपासून पुढे न मांडता सर्वांत विरळ बोटीपासून दोन्ही बाजूंना मांडला असता. आपल्या वर्तुळात ती मधली, १०:१५ ची आहे. (ती मधलीच असल्यामुळे वर्तुळ उलट्या दिशेने फिरूनही तिच्या तावडीतून सुटका नाही.) ताशी १७ ने ३१ किलोमीटरला १ तास ४९ मिनिटे लागतात, म्हणजे ८ ची बोट घेऊन ८:२५ ला उतरलात तर दुसऱ्या धक्क्यावर १०:१४. डोळ्यांदेखत बोट सुटेल. म्हणून ७ ची बोट घ्यायला हवी आणि त्यासाठी पहाटे ४:१५ ला निघायला हवे. ६:२९ ला पहिला धक्का, ७:२५ ला पहिले बेट, ९:१४ ला दुसरा धक्का. तिथे आपल्याला एक तास बसून राहावे लागेल. तो तास वाया गेला असे मानू नका, पंक्चर झाले तर तोच कामी येतो. पुढे १०:५५ ला उतरून ४४ किलोमीटरला २ तास ३५ मिनिटे, म्हणजे तिसऱ्या धक्क्यावर बरोबर १:३०. ती बोट मनातून काढून टाका आणि ३ ची धरा. संध्याकाळी साधारण ४:३३ ला आपण घरी असाल आणि ३ ची बोट चुकलीच तरी शेवटची धरून आणखी दोन बोटी हातात शिल्लक असतील.

वाऱ्याविरुद्ध

वरील हिशेबात वारा नाही, आणि समुद्रकाठी वारा नसणे हीच बातमी असते.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा सहसा सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी सर्वांत जोरात असतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. पहाटे उलट जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो. आपला ४४ किलोमीटरचा टप्पा नेमका ११ ते दीडच्या दरम्यान आहे, म्हणजे सकाळी शांत वाटलेला समुद्र पाहून केलेला अंदाज तिथेच फसेल. सुरुवातीला हा वारा किनाऱ्याला काटकोनात येतो, त्यामुळे किनाऱ्याने जाणाऱ्याला तो बाजूने लागतो. मध्य अक्षांशांत दिवस कलू लागला की तो हळूहळू वळून किनाऱ्याला समांतर होतो. तेव्हा तो पाठीशी आला तर भाग्य, समोरून आला तर शेवटचे २२ किलोमीटर चाळीससारखे वाटतात.

आकड्यांत सांगायचे तर हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० ने जाताना अंगावर समोरून ताशी २० चा वारा आला, तर तोच वेग टिकवण्यासाठी हवेचा चौपट रोध ढकलावा लागतो. सरळ बसून चालवणाऱ्या माणसाचा वेग त्याच श्रमात ११-१२ वर येतो. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी आला तरी नुकसान भरून निघत नाही. २२ किलोमीटर ११ च्या वेगाने जाताना दोन तास लागले आणि तेवढेच अंतर ३२ च्या वेगाने येताना ४१ मिनिटे लागली, तर एकूण २ तास ४१ मिनिटे झाली. वारा नसता तर २ तास १२ मिनिटांत काम झाले असते. वर्तुळाच्या बाबतीतही हेच लागू आहे, म्हणून वाऱ्यासाठी वेगळी वेळ ठेवा आणि अंदाजात दुपारच्या वाऱ्याची दिशा पाहूनच वर्तुळ कोणत्या बाजूने फिरायचे ते आदल्या संध्याकाळी ठरवा. अर्थात उलट्या बाजूने बोटींच्या वेळा वेगळ्या असतील, तेव्हा दोन्ही बाजूंचे हिशेब आधीच लिहून ठेवावेत.

बाजूच्या वाऱ्यापेक्षा मला त्याच्या अचानक थांबण्याची अधिक भीती वाटते. आपण नकळत वाऱ्याकडे झुकून चालवत असतो आणि एखादी भिंत किंवा मोठे वाहन मध्ये आले की आधार निघून जातो, सायकल रस्त्याच्या मध्याकडे झोकांडते. भूशिराच्या टोकावर आणि दोन टेकड्यांमधल्या फटीत हँडल सैल पण जागे धरावे.

मंदगती

दोघांचेही आभार. ४:१५ चा आकडा पाहून थोडा वेळ शांत बसलो. एक शंका आहे. धक्का पाच-सहा किलोमीटरवर असताना बोट चुकणार असे दिसले, तर जोर लावून ती गाठावी की सोडून द्यावी?

पाच बोटींचा ऋणी

बोट तासाभराने पुन्हा असेल तर सोडून द्यावी. तीन तासांनी असेल, तर अंतर पाच किलोमीटरपेक्षा कमी असताना जोर लावावा आणि बोटीवर बसल्या बसल्या खाऊन घ्यावे. त्याहून दूर असताना लावलेला जोर पुढच्या टप्प्यात व्याजासकट फेडावा लागतो.

हे मी स्कॉटलंडमधील क्लाइड खाडीच्या परिसरातील पाच बोटींच्या प्रसिद्ध मार्गावर शिकलो. परंपरेने आर्ड्रॉसनहून अ‍ॅरन बेटावरील ब्रॉडिकला, सायकलने लोखरांझाला, तिथून बोटीने किंटायर द्वीपकल्पावरील क्लोनेगला, मग टार्बर्टहून पोर्टावेडी, कॉलिन्ट्राइव्हहून ब्यूट बेटावरील रुबोडाख आणि शेवटी रॉथसेहून वेमिस बे, असा तो दिवस असतो. त्यातील पहिली बोट सुमारे ५५ मिनिटे घेते आणि कॉलिन्ट्राइव्हची जेमतेम ५ मिनिटे. ती ५ मिनिटांची बोट सतत ये-जा करते, तिची चिंता करण्यात अर्थ नसतो. मी मात्र लोखरांझाची बोट गाठण्यासाठी त्याआधीची चढण जीव तोडून चढलो. बोट मिळाली. घामाने भिजलेला तसाच वरच्या उघड्या डेकवर अर्धा तास उभा राहिलो, देखावा फार सुंदर होता, आणि उतरल्यावर पहिल्याच चढावर दोन्ही मांड्यांत गोळे आले. तेव्हापासून नियम असा, की सायकल बांधली की आधी कोरडा थर आणि वारा अडवणारे जाकीट अंगात घालायचे, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे थोडे थोडे खायचे आणि उतरण्यापूर्वी पाच मिनिटे पाय हलवायचे.

हंगामाबद्दलही एक सूचना. लोखरांझाची बोट हिवाळ्यात क्लोनेगला न जाता टार्बर्टला जाते आणि फेऱ्याही कमी होतात. आपल्या बोटींचे हंगामी वेळापत्रक कोणत्या तारखेला बदलते, हे आधी पाहून ठेवा. त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना रेल्वे आहे, तसा सुटकेचा एखादा रस्ता आपल्याही वर्तुळावर असेल तर तो नकाशावर खूण करून ठेवा.

गंजाचा वैरी

सायकलविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

बोटीचा उतार लोखंडी असतो, ओला असतो आणि बहुधा त्यावर तेलाचा थर असतो. चढताना व उतरताना खाली उतरून चालत जावे. पायात खालून पट्टी असलेले सायकलचे बूट असतील, तर तेही जपूनच. कर्मचारी सांगतील तिथेच सायकल ठेवावी, गाड्यांच्या आधी की नंतर चढायचे हेही तेच ठरवतात. साखळीची बाजू बाहेर राहील अशी ती कठड्याला टेकवावी आणि पुढच्या ब्रेकचा दांडा दाबून त्यावर जुन्या ट्यूबचा कापलेला रबरी पट्टा चढवावा. चाक जागचे हलत नाही आणि लाटेवर सायकल मागेपुढे घसरत नाही. दोन बोटे रुंदीचा तो पट्टा माझ्या हँडलवर कायम गुंडाळलेला असतो. एकदा तो विसरलो, दुसऱ्या कोणाची सायकल माझ्यावर कलंडली आणि मागच्या गिअरला धरून ठेवणारा तुकडा वाकला. पुढचे ४० किलोमीटर मी दोनच गिअरवर काढले.

घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवावे. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि गंज वेगाने वाढतो, विशेषतः अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे. जोरदार फवारा मात्र नको, तो मीठ थेट बेअरिंगमध्ये नेऊन बसवतो. साध्या बादलीने धुऊन, पुसून, साखळीला तेल द्यावे.

मंदगती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ४:१५ ला निघणे निश्चित केले आहे. पुढचा व मागचा दिवा आणि रबरी पट्टा यादीत आला. तिसरी बोट ३ ची धरली आहे, आणि वाऱ्याने फारच अडवले तर ४:३० ची. तारीख पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस धरली आहे, म्हणजे पहाटे अंधारात चंद्रप्रकाश तरी मिळेल.

ओहोटीचा पांथस्थ

चंद्रप्रकाश मिळेल, परंतु ती तारीख एकदा तपासा. सर्वांत मोठे उधाण बहुतेक ठिकाणी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे तुम्ही निवडलेल्या दिवशीच. त्या दिवसाची ओहोटीही सर्वांत खोल असते. अशा ओहोटीला धक्क्याचा उतार फार तीव्र होतो, आणि उथळ खाडीतल्या काही बोटी पुरेसे पाणी नसल्यामुळे थांबवून ठेवतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. १०:१५ च्या सुमारास मधल्या धक्क्यावर पाणी किती असेल, ते भरतीच्या तक्त्यात पाहा आणि तिथे ओहोटी असेल तर आठवडाभर पुढची, भांगाची (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतानाची) तारीख घ्या. तेव्हा चंद्र अर्धाच असेल, पण दिवा तुम्ही यादीत लिहिलेलाच आहे.