पाळलेला चोणक घेता का तुम्ही?

फोंडेकर: जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा पिंजऱ्यात पाळलेला चोणक (जिताडा) घ्यावा म्हणतोय, पण आई म्हणते दर्याचाच हवा, पाळलेल्याला चव नाही. पर्यावरणासाठी बरा म्हणतात, खरं का?

डिचोलीची सून: सगळे पाळलेले मासे एका मापात मोजू नका हो. चोणक मांसाहारी, त्याच्या खाद्यात फिशमील, म्हणजे सुक्या माशांची पूड, असते आणि ती बऱ्याचदा तारल्यांचीच, म्हणजे दर्यावरचा भार कमी झालाच असं नाही. त्यापेक्षा खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या भरतीचं पाणी येणाऱ्या शेतातला, शेवटो नाहीतर काळुंदर मासा घ्या, भरतीबरोबर मानशीतून (बांधाच्या दारातून) आत येतो, शेवाळ-गाळातलं खाऊन वाढतो, वेगळं खाद्य लागत नाही. काळुंदराचं रेशाद (लाल मसाला भरून तळलेलं) करून आईला वाढा, दर्याचं नावसुद्धा काढणार नाहीत!

मडगावकर: चवीपेक्षा विश्वासाचं बोला. 2018 मध्ये गोव्यात मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून आमच्या घरी मासा आला की आधी कल्ले उघडून बघतात, लाल आहेत का. कोळंबीपालनात नायट्रोफ्युरानसारख्या अँटिबायोटिक्सवर बंदी आहे, पण बाजारात पाटीसमोर उभं राहून आपल्याला काय कळणार? कुठल्या तळ्यातली, कधी काढली एवढं कोणी लिहून दिलं तर मी चार पैसे जास्त देईन.

फोंडेकर: काळुंदर बघतो या रविवारी. खाजनातलाच आहे हे ओळखायचं कसं?